कखडीचं शेत आणि न बदलणारी स्ट्रिंग

(दृश्य: पांडवलेणी, सकाळची वेळ. पायऱ्या चढणारी माणसं. लेणी क्रमांक ३ चा व्हरांडा, भिंतीवरची अक्षरं जवळून.)

नाशिककर इथे सकाळी चालायला येतात. वर पोचले की दम खातात, गार वारा घेतात आणि उतरतात. या भिंतीपाशी मात्र थोडं थांबायला हवं.

इथे ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत दोन राजाज्ञा कोरलेल्या आहेत. पहिली राज्यवर्ष १८ ची, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची. तिने कखडी गावातलं शेत लेण्यातल्या भिक्षूंना दिलं. दुसरी राज्यवर्ष २४ ची. ती सांगते: ते शेत कुणी कसत नाही, गावातही वस्ती नाही, म्हणून नगराच्या सीमेवरच्या आमच्या जमिनीतून शंभर निवर्तनं (निवर्तन हे जमीन मोजायचं जुनं माप) देत आहोत.

निर्णय बदलला, पण पहिली आज्ञा छिन्नीने खरवडली नाही. नवी आज्ञा तिच्या शेजारी कोरली. आज दोन्ही वाचता येतात.

(दृश्य: गंगापूर रोडवरचा एक कॉम्प्युटर क्लास. संध्याकाळ. जावा या प्रोग्रामिंग भाषेचा तास.)

या मुलीने एक स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, घेतली आहे: ‘नासिक’. तिला ‘स’च्या जागी ‘श’ हवा आहे. तिने रिप्लेस चालवलं, पुढच्या ओळीत स्ट्रिंग छापली. पडद्यावर पुन्हा ‘नासिक’च.

“मॅडम, बदललंच नाही.”

“रिप्लेसने तुला काय परत दिलं, आणि ते तू कुठे ठेवलंस?”

कुठेच ठेवलं नव्हतं. जावातली स्ट्रिंग इम्युटेबल आहे, एकदा तयार झाली की तिच्यातलं एक अक्षरही हलत नाही. रिप्लेस नवी स्ट्रिंग बनवून हातात देतं. ती घेतली नाही तर गेली. पायथॉन, जावास्क्रिप्ट, सी शार्प या भाषांनीही हाच नियम धरला आहे.

शिकताना हा नियम जाचक वाटतो. मला मात्र तो मोठा आधार वाटतो, आणि तो का, ते कांद्याच्या हिशोबात नीट दिसतं. बाजार समितीच्या प्रोग्राममध्ये गावाच्या नावावर आवक साठवली आहे असं समजा. ‘निफाड’ या नावावरून हॅश, म्हणजे अक्षरांवरून गणिताने येणारा एक आकडा, काढला जातो आणि त्या आकड्यावरून कप्पा ठरतो. आता कुणी दुसऱ्याच फंक्शनमध्ये बसून तेच नाव जागच्या जागी बदललं तर? नवा हॅश वेगळा कप्पा दाखवणार. आवक जुन्या कप्प्यात तशीच पडून राहणार आणि शोधणाऱ्याला सापडणार नाही. एररही येत नाही. असली चूक शोधायला रात्र पुरत नाही.

रुबी या भाषेतली स्ट्रिंग मुळात बदलता येते, म्हणून तिथे अशा कप्प्यांच्या तक्त्यात शोधायचं नाव म्हणून साधी स्ट्रिंग ठेवली की रुबी स्वतःच तिची प्रत काढून गोठवते. बदलाची मोकळीक देणाऱ्या भाषेलाही या एका जागी हात आखडावा लागला.

(दृश्य: पडद्यावर लूप, तेच काम पुन्हापुन्हा करणारा कोड. एकेक पावती मजकुराला जोडली जाते आहे.)

पण किंमत आहे. मुलगी आता दिवसभराच्या पावत्यांचा अहवाल बनवते आहे. दहा हजार पावत्या, प्रत्येकी पन्नास अक्षरं. लूपमध्ये अधिकचं चिन्ह वापरून ती ओळीला ओळ जोडते. प्रत्येक फेरीत आतापर्यंतचा सगळा मजकूर नव्याने उतरवला जातो. शेवटचा अहवाल पाच लाख अक्षरांचा. तो बनवायला उतरवलेली अक्षरं मात्र सुमारे अडीचशे कोटी.

म्हणून जावाच्या लायब्ररीत दुसरा, बदलता येणारा प्रकार आहे. स्ट्रिंगबफर पहिल्या आवृत्तीपासून होता, पण त्याच्या प्रत्येक कामाला कुलूप, कारण अनेक थ्रेड, म्हणजे प्रोग्रामची समांतर चालणारी कामं, एकाच वेळी हात घालतील ही धास्ती. बहुतेक वेळा स्ट्रिंग एकच थ्रेड जुळवत असतो. त्यामुळे २००४ मध्ये, जावा ५ सोबत, बिनकुलपाचा स्ट्रिंगबिल्डर आला. तो सोळा अक्षरांच्या जागेने सुरू होतो. जागा संपली की दुप्पट करून वर दोन. सोळाचे चौतीस, चौतीसचे सत्तर. दर ओळीला नव्हे, क्वचितच सगळं उचलून हलवावं लागतं.

जावाने इथे केलेली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. स्ट्रिंगबिल्डर हा स्ट्रिंगचा उपप्रकार नाही, आणि स्ट्रिंगचा उपप्रकार कुणाला बनवताच येत नाही. ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेत उलट आहे: तिथली बदलणारी एनएसम्युटेबलस्ट्रिंग ही न बदलणाऱ्या एनएसस्ट्रिंगचीच लेक, म्हणजे उपप्रकार. ‘मला एनएसस्ट्रिंग द्या’ म्हणणाऱ्याच्या हाती बदलणारी स्ट्रिंगही पडू शकते, आणि देणारा ती मागून बदलू शकतो. म्हणून तिथले जाणकार स्ट्रिंग ठेवायची जागा (प्रॉपर्टी) ‘कॉपी’ म्हणून घोषित करतात, मिळालेल्या मजकुराची आपली प्रत आधीच काढून ठेवतात. प्रकाराच्या नावावर विसंबता येत नसेल तर प्रत्येकाने ही खबरदारी घ्यायची, आणि एखादा विसरणारच.

न बदलणारी स्ट्रिंग सगळीकडे चालते असंही नाही. पासवर्ड काम झाल्यावर मेमरीतून पुसायचा असतो, आणि स्ट्रिंग पुसता येत नाही. म्हणून जावातली पासवर्ड लिहायची चौकट मजकूर अक्षरांच्या अॅरेमध्ये, म्हणजे एकेका अक्षराच्या घरांच्या रांगेत, देते. काम झालं की प्रत्येक घरात शून्य भरायचं.

(दृश्य: पुन्हा क्लास. खिडकीबाहेर रस्त्यावरचे दिवे.)

मुलीने लूपमध्ये बिल्डर घेतला. शेवटी टू-स्ट्रिंग म्हणून बिल्डरमधल्या मजकुराची स्ट्रिंग काढली आणि तो अहवाल एका चलात ठेवला. मग मॅडमच्या सांगण्यावरून बिल्डरमध्ये मुद्दाम आणखी एक पावती घातली आणि दोन्ही छापले.

बिल्डरमध्ये दहा हजार एक ओळी. अहवालात दहा हजार.