पाण्याकाठी गाडी लावायच्या आधी

(दृश्य: हिडकलचं बॅकवॉटर, टेकडीवरून)

हे हिडकल. घटप्रभेवरचं राजा लखमगौडा धरण, वंटमुरीच्या सरदेसाईंचं नाव दिलेलं. भरलं की जवळपास 51 टीएमसी पाणी मावतं, आणि एक टीएमसी म्हणजे 2,831 कोटी लिटर! बेळगावात राकसकोप धरणाचं पाणी येतं तसं इथलंही येतं, म्हणजे आज आपण ज्या काठावर कॅरॅव्हॅन, म्हणजे राहायची सोय केलेली गाडी, लावून मुक्काम करायचा बेत करतोय ते आपल्याच नळाचं पाणी आहे. हे एवढं डोक्यात ठेवून पुढचं बघा.

(दृश्य: विठ्ठल मंदिर)

उन्हाळ्यात पाणी उतरलं की हुन्नूरचं हे विठ्ठल मंदिर वर येतं, पावसाळ्यात परत पाण्यात जातं. खांबावरच्या त्या रेषा बघा, पाणी किती किती चढलं होतं ते दगडावरच लिहिलेलं. धरणात गावं गेली, माणसं वरती येऊन राहिली.

(दृश्य: बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतलं फॅब्रिकेशनचं शेड, वेल्डिंग)

आता गाडी. आपल्याकडं कॅरॅव्हॅन म्हटलं की लोकं आधी पलंग, फ्रीज आणि टीव्ही बघतात. आम्ही पण मोठ्या हौसेनं पाण्याच्या टाकीचं माप घेऊन उद्यमबागेत गेलो, तर तिथले मामा म्हणाले, "चांगल्या पाण्याची टाकी बघूलायसा, घाण पाण्याची कुठं बसवायची ते आधी सांगा की!" सगळं प्लॅनिंग या एका वाक्यावर उभं आहे असं मला मनापासून वाटतं. 100 लिटर चांगलं पाणी घेऊन निघालात तर भांडी, आंघोळ, हात धुणं करून त्यातलं बहुतेक सगळं साबणाचं होऊन खाली येणार, मग ते साठवायला तेवढीच टाकी खाली पाहिजे, नाहीतर पाईप कुठं सुटतो ते सांगायला नको. आणि 100 लिटर म्हणजे 100 किलो, ते एका बाजूला आलं तर वळणावर गाडी झुकते, म्हणून दोन्ही टाक्या मागच्या एक्सलच्या जवळ, चेसिसच्या मधोमध. इथं दिसतंय ना, पत्र्याच्या पट्ट्या आणि खाली रबर, टाकी हलू नये म्हणून.

ही संडासाची पेटी. 20 लिटरची, बाहेरच्या दारातून ओढून काढायची, चाकं आहेत. दोन माणसांत दोन-तीन दिवसांत भरते. आत टाकायचं औषध बघून घ्या, फॉर्मॅलिनवालं असेल तर ते सेप्टिक टँकमधले जंतूच मारून टाकतं, एन्झाइमवालं घ्या, थोडं महाग पडलं तरी.

वर 200 वॉटचं सोलर पॅनल, सीटखाली 12 व्होल्टची 100 एएचची (अँपिअर-तास) लिथियम बॅटरी. लाईट, पंखा, मोबाईल आणि छोटा 12 व्होल्टचा फ्रीज यावर निवांत चालतो, एसी चालणार नाही. आणि नुसती सीटं काढून पलंग टाकला म्हणजे केए 22, म्हणजे बेळगाव पासिंगची टेम्पो ट्रॅव्हलर कॅरॅव्हॅन होत नाही, बदल आरटीओत नोंदवावा लागतो, मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-124 असं मानकच आहे. इन्शुरन्सवाल्यालाही कळवा.

(दृश्य: काठावरची काळी माती, टायर)

हे टायर बघा. वरून माती सुकलेली, पापुद्रे सुटलेले, पण काठी खुपसली की वीतभर खाली चिखल. पाणी मागं सरकलेल्या जागेवर गाळाची रेगड असते आणि टाक्या भरलेली गाडी तिथं नुसती बसत जाते. म्हणून धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथंपर्यंत येतं त्या रेषेच्या वर, मुरमाड जागा बघायची. रेषा ओळखू येते, तिच्या खाली झुडपं नसतात. पाणी उतरलेल्या जमिनीत बऱ्याच ठिकाणी लोकं पिकं घेतात, त्यांच्या वाफ्यावरून गाडी घालायची नाही, आधी विचारायचं, विचारलं की बहुतेक वेळा जागा तर मिळतेच, वर ताकाचा तांब्या पण येतो. धरणाच्या भिंतीजवळ परवानगीशिवाय जायचं नाही, आणि भिंतीच्या खालच्या अंगाला नदीच्या पात्रात तर मुक्काम नकोच, गेट उघडले की पाणी येतं.

भांडी पाण्यात घासायची नाहीत. पाकिटावर निसर्गस्नेही लिहिलेलं असलं तरी नाही, तो साबण मातीत कुजतो, थांबलेल्या पाण्यात नाही. साबणातलं फॉस्फेट पाण्यात गेलं की शेवाळ माजतं. गाडीतच घासा, नाहीच जमलं तर बादली घेऊन पाण्यापासून 60 मीटर तरी लांब.

(दृश्य: गोकाकचा रस्ता, मग रेणुकासागर)

हिडकलहून गोकाक, यरगट्टी, सौंदत्ती असा रस्ता धरायचा. गोकाकला करदंट घ्या, डिंक-सुकामेव्याची तिथली मिठाई. घटप्रभेवरच्या धुपदाळ बंधाऱ्याचं पाणी पक्ष्यांसाठी राखलेलं आहे, तिथं दिवसा बघायचं आणि पुढं निघायचं, मुक्काम नाही.

आणि हे रेणुकासागर, मलप्रभेवरचं. कणकुंबीला उगम पावलेली, आपल्या खानापूरची नदी, नविलुतीर्थाला अडवलेली, साधारण 37 टीएमसी. इथून हुबळी-धारवाडला प्यायचं पाणी जातं. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर कोल्हापूर-सांगलीकडून गाड्यांची रीघ लागते, त्या दिवसांत मोठी गाडी घेऊन जाऊ नका. दिवाळीनंतरचे दिवस सगळ्यात चांगले, पाणी भरलेलं असतं आणि हवा पण छान असते.

(दृश्य: टाकीचा काटा, मग चेंबर)

निघताना काटा बघा, खालची टाकी जवळपास भरलीय. ती तशीच घेऊन बेळगावात यायचं, वाटेत ओढ्याला नाही, गटारीला नाही. घरच्या ड्रेनेजच्या चेंबरला पाईप लावायचा, आधी संडासाची पेटी ओतायची, मग साबणाचं पाणी सोडायचं म्हणजे चेंबर आपोआप धुतला जातो. हातमोजे घाला, झाकणाचा रबर बघून घ्या, झिजला असेल तर पुढच्या ट्रिपच्या आधी बदला.