नावेची रक्कम जमेला

मित्रहो, मी हयातभर लोकांच्या वह्या तपासल्या. आज बोलणार आहे तेही एका नोंदीबद्दलच. जी रक्कम नावे, म्हणजे डेबिटच्या बाजूला, पडायला हवी होती, ती जमेला, म्हणजे क्रेडिटच्या बाजूला, पडली. एवढंच.

दक्षिण आफ्रिकेत वकिली करताना गांधींकडे एक गुंतागुंतीचा खटला होता. त्यातला हिशेबाचा भाग जाणकार लवादांकडे सोपवला गेला आणि निवाडा पूर्णपणे गांधींच्या पक्षकाराच्या बाजूने लागला. पण त्यात ही चूक राहून गेली होती. रक्कम लहान, बाजू मात्र चुकीची. विरुद्ध पक्षाने निवाड्याला हरकत घेतली होती, ती दुसऱ्याच कारणांवरून.

याच खटल्यात गांधींच्या बाजूने असलेल्या ज्येष्ठ वकिलांचं म्हणणं होतं, आपण होऊन चूक कशाला दाखवायची? कोर्टाने सगळा निवाडाच रद्द केला तर? पुन्हा पहिल्यापासून खटला, पुन्हा खर्च. गांधी म्हणाले, कबूल करायला हवी. आत्मकथेत त्यांनी हे सविस्तर सांगितलंय.

आपण सगळे इथे गांधींचं कौतुक करतो. मला जास्त मोठा वाटतो तो पक्षकार. कारण पैसा गांधींचा नव्हता, त्याचा होता. तो समोरच बसला होता. चूक कबूल करायची असेल तर मी काम चालवणार नाही, असं ज्येष्ठ वकिलांनी सांगितल्यावर तो गांधींना म्हणाला, तुम्हीच चालवा. हरायचं नशिबात असेल तर हरू. हे म्हणायला काय छाती लागते, ते हिशेबाच्या टेबलाशी बसलेल्या माणसाला विचारा.

कोर्टात सुरुवातीला वाट्याला आला तो संशय. चुकीचा उल्लेख होताच एका न्यायाधीशाने विचारलं, ही चलाखी तर नव्हे? गांधी आतून पेटले, पण शांतपणे बाजू मांडत राहिले. मग न्यायाधीशांनीच विरुद्ध वकिलाला विचारलं, यांनी चूक सांगितली नसती, तर तुम्ही काय केलं असतं? शेवटी कोर्टाने विरुद्ध पक्षाची हरकत फेटाळली. नोंद कोर्टाने स्वतः दुरुस्त केली की लवादांकडून करून घेतली, ते गांधींनाही नेमकं आठवत नव्हतं.

दरवेळी इतकं स्वस्तात सुटत नाही, हेही सांगायला हवं. गांधींचेच पक्षकार आणि स्नेही पारशी रुस्तमजी. मुंबई-कलकत्त्याहून येणाऱ्या मालावर ते जकात चुकवत असत. ते उघडकीला आलं तेव्हा रुस्तमजी रडत गांधींकडे आले. गांधींनी सांगितलं, सगळं कबूल करा, प्रसंगी तुरुंगात जायचीही तयारी ठेवा. रुस्तमजींनी ते मानलं. तुरुंग टळला, पण कबूल केलेल्या रकमेच्या दुप्पट भरावी लागली.

त्यांना दुसरंही काही मिळालं. ते पैशात मोजता येत नाही, म्हणून कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. रुस्तमजींनी ही सगळी हकीकत कागदावर उतरवली, चौकटीत बसवली आणि आपल्या पेढीत टांगली. आपल्या वारसांना आणि येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांना ती वाचता यावी म्हणून.