मीटरवरचं मळभ कसं काढावं

मंडळी, गाडी बाहेरून चमकवण्याबद्दल सांगणारे खूप आहेत. मी आज स्टिअरिंगच्या मागच्या त्या वीतभर पारदर्शक तुकड्याबद्दलच बोलणार आहे, ज्याच्याआडून वेगाचा आणि पेट्रोलचा काटा दिसतो. आपण सगळेच त्याला मीटरची काच म्हणतो, मीही म्हणेन. पण बहुतेक गाड्यांत ते ॲक्रिलिक नावाचं प्लॅस्टिक असतं, काहींत पॉलिकार्बोनेट.

खरी काच असती तर ती इतक्या सहज ओरखडली नसती. कठीणपणाच्या मोह्स श्रेणीत खिडकीची काच साधारण साडेपाचला बसते आणि ॲक्रिलिक तीनच्या आसपास. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, त्यांचा आकडा 7. तेव्हा सकाळी ज्या कोरड्या फडक्याने बॉनेट झटकलं, तेच मीटरवर फिरवलं की ते फडकं नाही, काचपेपर झाला. उन्हात मीटरवर गोल गोल रेघांचं जाळं चमकतं ना, ते बहुतेक वेळा अशा पुसण्याने झालेलं असतं. म्हणजे आपल्या स्वच्छतेच्या हौसेनेच.

आता बाजारात जाऊन पॉलिशची ट्यूब आणण्याआधी एक काम करा. काच साबणाच्या पाण्याने नीट धुवा, म्हणजे ओल्या मऊ फडक्याने, न दाबता. वाळली की धुरकट जागेवर खोबरेल तेलाचा एक थेंब बोटाने पसरवा. थंडीचे दिवस असतील तर बाटली आधी कोमट पाण्यात ठेवावी लागेल, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेल पसरताच ओरखडे गायब झाले, आकडे लख्ख दिसू लागले, तर समजा की रोग वरवरचा आहे.

असं का होतं? ओरखड्याच्या कडांवर प्रकाश विखुरतो, कारण तिथे प्लॅस्टिक आणि हवा एकमेकांना भिडतात. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश त्यात शिरताना किती वळतो ते सांगणारा आकडा, 1.49, हवेचा 1. खोबरेलाचा 1.45 च्या घरात. तेल चरीत भरलं की प्रकाशाला ती चर जवळपास दिसतच नाही. तेल लावून काहीच फरक पडला नाही, तर मळभ काचेच्या आतल्या बाजूला आहे किंवा प्लॅस्टिकच्या पोटात बारीक भेगा गेल्या आहेत. वरून कितीही घासा, उपयोग शून्य. माझ्या मते निम्मी मेहनत आणि निम्मे पैसे या एका थेंबाने वाचतात. तेल मात्र नंतर साबणाने पूर्ण काढा. तसंच ठेवून ‘झाली काच नवी’ म्हणणारेही असतात, मग आठवड्याभरात त्यावर धुळीचा थर बसतो.

रोग वरवरचा निघाला, तर नख फिरवून पाहा. नख अडकत नसेल, तर प्लॅस्टिकसाठीचं बारीक पॉलिश आणि मायक्रोफायबर पुरे. नख अडकत असेल तर वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा काचपेपर लागतो: 1500 नंबरचा, मग 2000, जमलं तर 3000 (नंबर मोठा तितका पेपर बारीक), आणि प्रत्येक वेळी भरपूर पाणी. युक्ती अशी की पहिला पेपर आडवा फिरवायचा, दुसरा उभा. आडव्या रेघा एकूण एक संपल्याशिवाय उभा हात थांबवायचा नाही. फक्त चरीवरच घासत बसलात तर तिथे खळगा पडतो आणि आतले आकडे वाकडे दिसायला लागतात. म्हणून आजूबाजूचा पट्टाही घ्या. या टप्प्यावर अख्खी काच ताकासारखी पांढुरकी होते आणि माणसं हबकतात. हबकू नका, ती एकसारखी पांढुरकी झाली म्हणजे काम बरोबर चाललं आहे. पुढे पॉलिशने ती उघडते. ड्रिलला बफ, म्हणजे पॉलिशची फिरती गादी, लावायचा मोह आवरा. ॲक्रिलिक साधारण 105 अंशांना मऊ पडतं आणि एका जागी फिरणारा बफ तेवढी उष्णता सहज काढतो.

टूथपेस्ट चालते का, हा प्रश्न मागून आलाच. चालते, कारण तिच्यातही घासणारी बारीक पूड असतेच. पण ती दातांच्या कवचासाठी बनवलेली, आणि ते कवच ॲक्रिलिकहून पुष्कळ कठीण. बारीक रेघा जातील, चमक पॉलिशसारखी येणार नाही.

थिनर, पेट्रोल, ॲसिटोन यांना मात्र काचेजवळही फिरकू देऊ नका. घडवताना आणि बसवताना प्लॅस्टिकमध्ये ताण राहिलेला असतो, आणि अशी द्रावणं लागली की तिथे कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा उमटतात. डॅशबोर्डवरचं अत्तर सांडलं तरी हे होऊ शकतं. या भेगा पॉलिशने जात नाहीत, काच बदलावी लागते. दसऱ्याच्या पूजेत हळद लागली असेल, तर घासाघाशी न करता गाडी काही दिवस उन्हात उभी करा. हळदीचा रंग उन्हात विटतो.

हेडलाइट चमकवायचं किट आत वापरण्यात अर्थ नाही. हेडलाइट पॉलिकार्बोनेटचे असतात, वरचा संरक्षक थर उन्हाने खराब झाला की ते पिवळे पडतात. आतल्या मीटरवर तेवढं अतिनील ऊन पोचतच नाही, पुढच्या काचेतला प्लॅस्टिकचा पडदा ते बहुतांश अडवतो. टचस्क्रीनला तर यातलं काहीच लावायचं नाही. काही नव्या मीटरवरही चकाकी कमी करणारा पातळ थर असतो. तो अर्धवट निघाला की चट्टे पडतात, म्हणून आधी कोपऱ्यात करून बघा.

मळभ आतून असेल तर मीटर उघडावं लागतं. सवय नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा आणि काट्यांना हात लावू नका म्हणून बजावा. काटा सरकला तर वेग चुकीचा दाखवेल. आणि खूप घासल्यावर एखाद्या जुन्या मीटरचा काटा आपोआप उचललेला दिसला, तर ते घर्षणाने साठलेल्या स्थिर विजेचं काम. ओलसर फडकं एकदा फिरवा, काटा जागेवर येतो.