वाचायचं की ठेवायचं?

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत आणि माझ्या नवऱ्याने तीन. बघू कोण जिंकतं.

परवा आपल्या वाचनकट्ट्याची दिवाळीची पुस्तक-भिशी झाली. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक, देणाऱ्याचं नाव गुपित, वर फक्त दोन ओळींची चिठ्ठी. आमच्या वाट्याला जाडजूड ऐतिहासिक कादंबरी आली. धाकटीने कागद फाडला, पुस्तक उलटसुलट करून पाहिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "आई, हे वाचायचं की ठेवायचं?"

गाडीत त्यावरून जुंपली. मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला? ती म्हणाली, "कपाटातली मराठी पुस्तकं तू पुसताना दिसतेस, वाचताना नाही." नवरा गाडी चालवत होता. त्याचं रस्त्याकडे एवढं लक्ष मी यापूर्वी कधी पाहिलेलं नाही.

घरी येऊन कादंबरी उघडली. पहिल्या पानावर कुणाच्या तरी मुंजीची 'सप्रेम भेट', आणि सुरुवातीची काही पानं सोडली तर बाकी सगळी कोरी करकरीत. म्हणजे पोरीचा प्रश्न त्या पुस्तकाला आधीही कुणीतरी विचारायला हवा होता.

रागावू नका, पण भिशीत आपण देताना शोभेल असं पुस्तक देतो. चिठ्ठीवरच्या ओळी मलपृष्ठावरून उतरवलेल्या असतात, ते लगेच कळतं. यंदा एका चिठ्ठीवर मात्र लिहिलं होतं, 'पहिली चाळीस पानं सोसा, मग झोपेचं नाव नको.' त्या पुस्तकासाठी ओढाताण झाली, कारण लिहिणाऱ्याने ते वाचलं होतं! पुढच्या वर्षी हाच नियम करू या: वाचलेलंच द्यायचं. पेन्सिलीच्या खुणा असतील तर फारच छान.

दिवाळी अंकही चालेल. संपादक का. र. मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही आपली सवय. चाळीत एक अंक सगळ्या बिऱ्हाडांतून फिरायचा. आमच्यापर्यंत येईतो मुखपृष्ठ गेलेलं, शब्दकोडं सोडवलेलं आणि राशिभविष्यातले निम्मे महिने उलटलेले. तरी भांडून वाचायचो. ठेवायचा प्रश्नच नव्हता, ठेवण्यासारखं काही उरायचंच नाही.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपल्या ग्रुपवरचे अभिनंदनाचे संदेश मोजता येईनात. त्यानंतरच्या कट्ट्याला आलेली माणसं मात्र मोजता आली.

आता धाकटीचं. ती जोडाक्षराला अडखळते. तिला मी रोज रात्री त्या कादंबरीची दोन-तीन पानं वाचून दाखवते. ती ऐकते, मध्येच "घोडा मेला का?" विचारते. हे वाचन धरायचं का, मला ठाऊक नाही. ती स्वतः कधी ते पुस्तक उघडेल का, तेही नाही.

मागच्या आठवड्यात आपल्यातल्याच एका काकांचा फोन आला. मोठं घर विकून लहान जागेत जाताहेत. मुलांना मराठी वाचता येत नाही. "पुस्तकं कुणाला देऊ?" मी पटकन तीन-चार घरं सांगितली. काका हसले. म्हणाले, "अगं, त्यातली निम्मी त्यांच्याचकडून आली आहेत. ती घरंही आता लहान व्हायला लागली."

खोकी भरून दारात ठेवली आहेत. कुणाला एखादं घर सुचत असेल तर चहाच्या वेळी मला गाठा.