दबाव टाकायचा, पण कोणावर?

भ्रष्टाचाराविरुद्ध संप किंवा उपोषण करणं ही जबरदस्ती आहे का? असेल, तर ती कधी न्याय्य?

[दृश्य : चरी, तालुका अलिबाग. भाताची खाचरं.]

१९३३ साली चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांची जमीन कसायचं बंद केलं. संप १९३९ पर्यंत चालला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी.

खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामधला माणूस. तिजोरीत ठरलेला सारा भरायचा, आणि कुळाकडून मनाला येईल तेवढं भात मोजून घ्यायचं. वर फुकटची वेठ. सरकारी वसुलीच्या आडून चाललेली ही लूट; आज आपण तिला भ्रष्टाचारच म्हणू.

मग संपाने खोतांवर जबरदस्ती झाली का? झाली. पीक नाही म्हणजे उत्पन्न नाही. पण खोताच्या आधी कुळांच्याच चुली थंडावल्या. मिळेल ती मजुरी करून त्यांनी सहा वर्षं काढली. म्हणून हा दबाव मला न्याय्य वाटतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर या कुळांच्या पाठीशी उभे राहिले. खोती रद्द करण्याचं विधेयक १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनीच मांडलं. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनीच बजावलं, की घटनात्मक मार्ग खुले असताना सत्याग्रह, असहकार, कायदेभंग यांना जागा नाही; ते अराजकाचं व्याकरण आहे. हा इशारा फार गंभीरपणे घ्यायला हवा. पण त्यातली अट सोडून तो सांगू नये. मार्ग खुले असताना, असं ते म्हणाले.

[दृश्य : तहसील कार्यालयाबाहेरचा मांडव.]

कोकणात २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्ट जवळ आला, की उपोषणाच्या इशाऱ्याची पत्रं कचेऱ्यांत येऊ लागतात. समुद्राचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घालायचा खारबंदिस्तीचा बांध कागदावर पूर्ण, बिल निघालेलं. आणि उधाणाला खांड पडून खारं पाणी थेट खाचरात. एकदा ते शिरलं की पुढची पिकंही धड येत नाहीत. उपोषणाला बसणाऱ्याच्या पिशवीत पोच घेतलेले अर्ज असतात, माहिती अधिकारात मिळवलेली मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजणीच्या सरकारी नोंदवहीची, प्रत असते. संध्याकाळी साहेब येतात, लेखी आश्वासन देतात, लिंबूसरबत पाजतात. पुढच्या वर्षी तोच माणूस, तीच पिशवी. त्याच्यासाठी मार्ग खुला होता, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

तरीही सगळाच दबाव मला मान्य नाही. महामार्गावर रास्ता रोको झाला की डेरवणच्या रुग्णालयात किंवा मुंबईला निघालेली रुग्णवाहिका अडकते. ज्याने पैसे खाल्ले तो मात्र घरी निवांत असतो. आणि जीव पणाला लावून कायद्याचा मसुदा संसदेकडून जसाच्या तसा मान्य करून घेणं, हेही मला पटत नाही. २०११ मध्ये अण्णा हजारे यांच्या उपोषणाने देश हलला, २०१३ मध्ये लोकपाल कायदा झाला. पहिला लोकपाल नेमायला मात्र मार्च २०१९ उजाडला. कायद्याला उपोषणाने गती आली, अंमलबजावणीला आली नाही.

म्हणून मागणी नेमकी हवी, आणि तिचा भार संबंधित कचेरीवरच पडायला हवा. बांधाची फेरमोजणी करा, गावकऱ्यांसमोर करा, तोवर ठेकेदाराचं उरलेलं बिल अडवा. एवढ्यासाठी गाव कचेरीच्या दारात बसलं, तर साहेबांची अडचण होईल. ती व्हायलाच हवी.