‘फोटो तर नॉर्मल आला’

(यवतमाळ जिल्ह्यातील एका सार्वजनिक वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेत एका मानसोपचारतज्ज्ञांनी केलेलं भाषण, शब्दांकन करून.)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची मंडळी, आणि लाइन आली की ओलिताला पळायच्या तयारीत दाराजवळ उभे असलेले शेतकरी बंधू,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘नैराश्य आणि मेंदूची रचना’. हे भारदस्त नाव सचिवांनी दिलं. मी फोनवर त्यांना म्हटलं होतं, ‘एमआरआयवर बोलतो.’ ते म्हणाले, ‘साहेब, तसं छापलं तर लोकांना मोफत शिबिर वाटंल, खुर्च्या पुरायच्या नाहीत.’ आज खुर्च्या पुरल्यात, उरल्याही आहेत, म्हणजे सचिवांचा अंदाज बरोबर निघाला.

सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या लोकांना शेवटपर्यंत थांबायची सवय नाही. नैराश्याच्या रुग्णांच्या मेंदूच्या रचनेत फरक सापडतो, हे खरं. आणि तुमच्या काकाजींच्या एमआरआयमध्ये तो फरक दिसणार नाही, हेही खरं. या दोन खऱ्या गोष्टी एका वेळी डोक्यात मावत नाहीत, म्हणून घरोघरी भांडणं होतात. ती कशी होतात, ते आधी सांगतो. मेंदू कुठं पळत नाही.

एक काकाजी. नाव-गाव सांगणार नाही, दोन-चार तपशीलही बदलले आहेत, तेव्हा ओळखायचा प्रयत्न करू नका. पाच एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तूर. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं आपल्याकडं काय केलं ते तुम्हाला मी सांगायला नको. पण हा माणूस त्या वर्षी खचला नाही. खचला त्यानंतर दोन वर्षांनी, बरं पिकलं तेव्हा. लोक इथंच चकतात. ‘आता तं पीक चांगलं झालं, आता काय रडाचं?’ नैराश्याला सातबारा वाचता येत नाही हो.

तर हे काकाजी पहाटे तीनला उठून खाटेवर बसून राहायचे. सोमवारचा बाजार सुटला, दाढी सुटली, भाकर अर्धी झाली. वेचणीला बाया आल्या की धुऱ्यावर उभं राहून वजन मांडणारा माणूस, तो घरातच. पुतण्यानं आधी भगताकडं नेलं. मग गावातल्या डॉक्टरकडं दोन सलाईन झाल्या, कारण आपल्याकडं सलाईन लागल्याशिवाय दुखणं दुखणं होत नाही. मग कोणीतरी सुचवलं, डोक्याचा फोटो काढा. बकरी विकली आणि शहरात नेलं.

तिथली हकीकत पुतण्यानंच सांगितली. टेक्निशियन म्हणाला, अंगावरचं सगळं धातूचं काढा. घड्याळ काढलं, अंगठी काढली. कमरेचा चांदीचा करदोडा काढायला काकाजी तयार होईनात. लग्नापासून अंगावर होता. ‘तो मेल्यावरच निघते,’ म्हणाले. बाहेर रांग लागलेली, आत हा वाद. शेवटी पुतण्यानं गाठ सोडली, करदोडा आपल्या मुठीत धरला, आणि मशीन ठकठक करत होतं तेवढा वेळ दारात मूठ आवळून उभा राहिला. मी या भगताच्या बाजूचा नाही, गैरसमज नको. पण एक कबूल करावं लागेल: त्या सगळ्या फेऱ्यात ‘बापू, तुले काय होऊन राह्यलं?’ असं काकाजींना फक्त भगतानं विचारलं. मशीननं विचारलं नाही, आणि माझ्या व्यवसायातल्या ज्यांनी विचारायचं त्यांनीही विचारलं नाही.

रिपोर्ट आला. नॉर्मल. तुम्हाला वाटेल, घरात पेढे वाटले असतील. उलट झालं. तोवर घरातले निदान गप्प होते, माणूस आजारी आहे म्हणत होते. आता भाऊ म्हणाला, ‘आता तं मशीननंच सांगतलं, याले काई झालं नाई. निरा सोंगं करून राह्यला.’ दुसऱ्या दिवशी फवारणीचा पंप पाठीवर दिला. माझ्याकडं आले तेव्हा बाहेर पाऊस होता. काकाजींनी ती फिल्म खताच्या रिकाम्या थैलीत गुंडाळून छातीशी धरलेली. बसायच्या आधी त्यांनी ती काढली, माझ्या ट्यूबलाइटसमोर स्वतः धरली आणि म्हणाले, ‘पाहा साहेब, यात काईच नाई. मंग मीच खोटा, नाई का?’

माझा राग या वाक्यावर आहे. मशीनवर नाही. मशीन उत्तम आहे. ज्यानं एमआरआयची चिठ्ठी लिहून दिली आणि ‘नॉर्मल म्हणजे काय’ हे सांगायला दोन मिनिटं दिली नाहीत, त्याच्यावर आहे.

याची दुसरी बाजूही असते. एक बाई आल्या, साठीच्या पुढच्या. त्यांच्या रिपोर्टात लिहिलेलं, वयोमानाप्रमाणे मेंदू किंचित आकसलाय. या वयात बहुतेकांच्या रिपोर्टात ते निघतं, माझाही काढला तर निघेल, अध्यक्षांचं मी बोलत नाही. पण कंपाउंडरनं त्यांना समजावून सांगितलं, ‘मावशी, मेंदू सुकून राह्यला.’ बाईंनी अन्न सोडलं. एकाला नॉर्मलनं बुडवलं, दुसरीला अॅबनॉर्मलनं.

ब्लडप्रेशरला काटा आहे, शुगरला पट्टी आहे, हाडाला एक्स-रे आहे. ज्याचा फोटो निघतो तेच दुखणं, असं आपण ठरवून बसलोय. बरं, हे फक्त खेड्यात आहे असं समजू नका. नागपुरातले शिकलेले लोकही मला विचारतात, ‘डॉक्टर, स्कॅनमध्ये डिप्रेशन कन्फर्म होतं का?’ नाही होत. जगात कुठंच होत नाही. निदान होतं ते बोलून: मन उदास, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, थकवा, आपण नालायक आहोत असं वाटणं, मरणाचे विचार, यातलं बरंच काही दोन आठवडे, जवळजवळ रोज. तुम्ही म्हणाल, एवढंच? एवढंच. पण नीट विचारायला अर्धा तास लागतो आणि त्याचं बिल बकरीएवढं होत नाही.

सचिव चिठ्ठी दाखवताहेत. दहा मिनिटं. अहो, विषय तर आत्ता सुरू होतोय! बरं, पळतो.

कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या तळाशी, दोन्हीकडं एकेक हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नव्या आठवणी साठवण्यात त्याचा मोठा वाटा. दुसरं काम म्हणजे ताणाला लगाम घालणं. ताण आला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून कॉर्टिसॉल सुटतं, आणि ‘आता पुरे’ हा निरोप देणाऱ्यांत हा भाग असतो. पण तेच कॉर्टिसॉल फार दिवस चढं राहिलं तर याच भागातल्या पेशींचे फाटे झडतात, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. १९९६ मध्ये अमेरिकेत यवेट शेलीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्य वारंवार येऊन गेलेले १० जण तपासले. त्यांचा हिप्पोकॅम्पस लहान होता, आणि आजारात जितके दिवस जास्त गेले तितका तो लहान. खळबळ उडाली. पण १० माणसं म्हणजे किती!

म्हणून मग जगभरच्या गटांनी आपापले स्कॅन एकत्र केले. एनिग्मा नावाचा प्रकल्प. २०१६ च्या त्यांच्या निबंधात १,७२८ रुग्ण आणि ७,१९९ निरोगी माणसं होती. हिप्पोकॅम्पस खरंच लहान निघाला. किती? सरासरी १.२४ टक्के. एका बाजूचा हा भाग साधारण चार मिलीलिटरच्या आसपास, म्हणजे फरक झाला सलाईनच्या एका थेंबाचा. पुढच्या वर्षी त्यांनीच मेंदूची वरची साल मोजली. कपाळामागं, डोळ्यांच्या वर, आणि आत दुमडलेल्या काही भागांत ती प्रौढ रुग्णांमध्ये किंचित पातळ होती. फरक तिथंही बारीकच.

आता कापसाचं घ्या, तुम्हाला लगेच कळेल. दोन गावांच्या हजारो गाठी तपासल्या आणि एका गावचा धागा सरासरीनं केसभर आखूड निघाला. फरक खरा आहे, खोटा नाही. पण मी मूठभर कापूस तुमच्या हातावर ठेवला आणि विचारलं, सांगा कोणत्या गावचा? फेडरेशनचा जुना ग्रेडरही डोकं खाजवेल. तेच इथं. या १.२४ टक्क्यांच्या हिशेबानं एक रुग्ण आणि एक धडधाकट माणूस समोर ठेवून ‘ज्याचा लहान तो आजारी’ असं म्हटलं, तर १०० पैकी ५४ वेळा बरोबर याल. नाणं उडवलं तर ५० वेळा येताच. २०२२ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी ८६१ रुग्ण आणि ९४८ निरोगी माणसं घेऊन रचना, जोडण्या, कामकाज, सगळ्या तऱ्हेचे स्कॅन तपासले. दोन्ही गटांची मापं ८७ ते ९५ टक्के एकमेकांवर पडत होती.

म्हणून काकाजींच्या फिल्ममध्ये काही दिसलं नाही. मशीन थेंब मोजू शकतं, पण काकाजींचा मेंदू आजाराआधी केवढा होता हे कोणाला माहीत? प्रत्येकाचा हा भाग मुळातच लहानमोठा असतो. आणि रेडिओलॉजिस्ट तिथं गाठ, रक्तस्राव, सूज शोधत असतो. ‘नॉर्मल’ म्हणजे त्या गोष्टी नाहीत. एवढाच त्याचा अर्थ. माणूस खोटा, असा नाही.

आधी कोंबडी की अंडं? आजारानं मेंदू आकसतो, की आकसलेल्याला आजार धरतो? एनिग्मात पहिल्यांदाच आजारी पडलेल्यांमध्ये फरक सापडला नाही. वारंवार आजारी पडणाऱ्यांत आणि एकविशीच्या आत सुरुवात झालेल्यांत जास्त होता. यावरून वाटतं की आजार ओरखडे काढतो, पण ज्यांचा मुळात लहान त्यांनाच तो पुन्हापुन्हा गाठत असेल, असंही म्हणता येतं. माझा कल पहिल्याकडं आहे, म्हणून मी उपचार लवकर करा म्हणून ओरडतो. आणि हा भाग दगडाचा नाही. २०११ मध्ये अमेरिकेत वयस्कर माणसांना वर्षभर नियमित चालवलं, तर त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला. ते निरोगी होते, रुग्ण नव्हते, हे लक्षात ठेवा. नाहीतर उद्या पुतण्या काकाजींना पहाटे तीनला रस्त्यावर पळवेल. तीव्र नैराश्यात भूल देऊन जे विजेचे उपचार करतात, त्यानंतरही तो वाढलेला दिसतो. गंमत म्हणजे ज्याचा जास्त वाढला तो जास्त बरा झाला, असं मात्र आढळलं नाही. मेंदू मोजणं आणि माणूस बरा होणं ही दोन वेगळी खाती आहेत.

सचिव उभे राहिले. शेवटचं. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी पाठवलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत मागायला येणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. त्यात एमआरआय कुठंच नव्हता. आणि १४४१६ हा नंबर लिहून घ्या, टेलिमानस, मनाच्या दुखण्यासाठीची सरकारी हेल्पलाइन, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

काय म्हणता? मोठ्यानं. हां, ‘मग एमआरआय काढायचाच नाही का?’ काढायचा ना. फिट आली, एक बाजू लुळी पडली, डोक्याला मार लागला, डोकेदुखीबरोबर उलट्या होतात, किंवा उतारवयात आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं आणि जोडीला विसराळूपणा वाढला, तर काढायचाच. त्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह बघायचं. थायरॉइड मंदावला की माणूस हुबेहूब असाच बसून राहतो, आणि त्यावर रोजची एक स्वस्त गोळी असते. पुढचा प्रश्न? त्या मागच्या ताई मघापासून हात वर करून आहेत, आधी त्या.