बॅटरीच्या जागी वायर

हा ठोकळा खोबणीत सरकवला, टक् करून बसला. लांबून बघणाऱ्याला वाटेल, बॅटरी लावली. पण याच्या मागून वायर निघालीय. करवत, ग्राइंडर अशा 36 व्होल्टच्या ज्या यंत्रांना हिकोकी कंपनीने हा अडॅप्टर दिलाय, ती बॅटरीवर चालतात आणि भिंतीतल्या सॉकेटवरही. वायरीचा जाच नको म्हणून जी यंत्रं घ्यायची, त्यांनाच वायर जोडायची ही सोय.

वायर सुटायला वेळ लागला होता. 1895 साली जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने विजेवर चालणारं पहिलं हातड्रिल बनवलं. 1917 मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकरला पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा घोडा असलेल्या ड्रिलचं पेटंट मिळालं. आज आपण धरतो ती ठेवण तिथलीच. बिनवायरचं ड्रिल त्यांनीच 1961 मध्ये आणलं, निकेल-कॅडमियम बॅटरीवर चालणारं, ताकद बेताचीच. असलं ड्रिल नासाने चंद्रासाठी शोधलं, असं लोक छातीठोकपणे सांगतात. अपोलो 15 ने चंद्रावर ड्रिल चालवलं ते 1971 मध्ये. तोवर दुकानातल्या ड्रिलला दहा वर्षं झाली होती.

आता हिकोकीच्या या यंत्रांचा बॅटरी पॅक उघडून बघू. घरी हा उद्योग करू नका. लिथियमचे सेल शॉर्ट झाले तर पेट घेतात. आत बोटाएवढे दहा सेल. एकाचा दाब 3.6 व्होल्ट. पाच सेल एकापुढे एक जोडले की 18 व्होल्ट. काही खोक्यांवर '20 व्होल्ट मॅक्स' छापतात, तेही हेच पाच सेल, फक्त नुकते चार्ज झालेले असतानाचा आकडा. गिऱ्हाइकाला वाटतं, दोन व्होल्ट जास्त मिळाले.

अशी 18 व्होल्ट, 5 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 90 वॅट-अवर. विजेच्या बिलावर मांडलं तर युनिटचा दहावा हिस्साही नाही. साइटवरचा 800 वॅटचा ग्राइंडर पूर्ण जोर लावून सलग चालवला, तर हिशेबाने पावणेसात मिनिटांत ती रिकामी. स्क्रू मारायच्या कामात हे जाणवत नाही, कारण बोट घोड्यावर दोन सेकंद असतं आणि मग उचललं जातं. पण प्लायचे तुकडे सकाळपासून कापायचे असतील, तर दोन पॅक आणि एक चार्जर यांची पाठशिवणी पुरत नाही.

मग 36 व्होल्टने काय साधलं? तेच दहा सेल 18 व्होल्टच्या यंत्रात गेले की पाच-पाचच्या दोन रांगा शेजारी-शेजारी जोडल्या जातात. 36 च्या यंत्रात दहाही एका रांगेत. साठा 90 वॅट-अवरच राहतो, एक थेंब वाढत नाही. पण 1080 वॅट काढायला 18 व्होल्टवर 60 अँपिअर वाहावे लागतात, 36 वर 30. करंट निम्मा झाला की त्याच तारेत उष्णता चौथाईवर येते. ताकद वाढवायला वाव मिळतो तो इथून. आणि ताकद वाढली की पॅक आणखी लवकर संपतो.

म्हणून हा अडॅप्टर. भिंतीतला 230 व्होल्टचा एसी घेतो आणि यंत्राला 36 व्होल्टचा डीसी देतो. मोटर, ब्लेड, स्विच सगळं तेच. लाइट आहे तोवर पिन लावून कापत राहायचं. लाइट गेली की अडॅप्टर काढून पॅक सरकवायचा. लाकूड कापायच्या, एका जागी ठेवायच्या मायटर सॉला हे फार सोयीचं. शिडीवर चढून छताला भोक पाडणाऱ्याला याचा काही उपयोग नाही. त्याच्या पायात वायर यायचीच.

एक गोष्ट खरेदीआधी बघून घ्या. बहुतेक कंपन्यांची खोबण वेगळी. एकीचा पॅक सहसा दुसरीच्या यंत्रात बसत नाही, अडॅप्टरही नाही. वायरच्या जुन्या ग्राइंडरची कंपनी कुठलीही असो, आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, जळेपर्यंत झिजलेले कार्बन ब्रश बदलत राहायचे आणि बोर्ड दिसेल तिथे पिन खुपसायची.